दाखल क्रमांक २२१४

ऑडिटचा माणूस भोपाळच्या गाडीनं येणार होता
आणि रजिस्टरात एक ओळ रिकामी.
वाळवीनं खाल्लं असेल, कुणी परत केलं नसेल,
किंवा माझ्याच हातून आकडा निसटला असेल.
सत्त्याहत्तरचा मार्च. अनुदान साडेतीनशे रुपयांचं.

मी मान वर केली.
रामबागेतल्या वाचनालयाची ती दक्षिणेची खिडकी,
खिडकीत समोरच्या शिंप्याची पाटी : पिंपुटकर टेलर.
लिहून टाकलं –
'दक्षिणेची खिडकी', कादंबरी,
ज. त्र्यं. पिंपुटकर,
पृष्ठं दोनशे आठ, किंमत सात रुपये.
ज. आणि त्र्यं. कुठून आले, आठवत नाही.
मराठीत आडनावाआधी दोन अक्षरं लावली
की माणूस निम्मा लेखक होतोच.

साहेबांनी हिरव्या शाईनं खूण केली,
चहाची बशी खाली ठेवली, म्हणाले,
"हे वाचलंय मी बहुतेक.
शेवट जरा ओढलाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं.

मल्हारगंजच्या सुशीलाबाई पुणतांबेकर
कार्डांचा खण चाळता चाळता थांबल्या.
"बाहेर गेलंय," मी म्हणालो.
तसं खोटं नव्हतं ते.
आत तर नव्हतंच.

दर शनिवारी विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या.
आणि एकदा, मी पावती फाडत असताना,
शेजारच्या बाईंना सांगत होत्या :
"त्यात ती मोठी जाऊ आहे बघा,
दिवेलागणीला सगळं घर बंद करते
आणि तेवढी एक खिडकी लावून घेत नाही.
विचारलं तर म्हणते, कडी गंजलीय."
माझी पावती तिरकी फाटली.
मोठी जाऊ!
मला कुणी बोललंच नव्हतं.

मुंग्यांचा धाकटा आला, वडिलांचे दिवस झाल्यावर.
"बाबा शेवटी म्हणत होते, वाचनालयाचं पिंपुटकर
माझ्याकडे राहिलंय, भरून टाक.
घरभर शोधलं. सापडत नाही."
सात रुपये, वर सतरा वर्षांचा उशीर.
मी पैसे घेतले.
काय करणार होतो? वडील नुकते गेलेल्या मुलाला
तुझे वडील चुकले म्हणून सांगणार होतो?
पावतीपुस्तक आहे अजून. पावती खरी आहे.

मग ग्वाल्हेरहून पत्र, तीन सह्यांचं :
पिंपुटकर मूळचे आमच्या दौलतगंजातले,
इंदुरात फक्त नोकरीपुरते राहिले,
तरी शताब्दी आम्हीच करू.
आमच्या कार्यकारिणीला हे फार लागलं.
दोन तास बैठक चालली. ठराव झाला.
इतिवृत्त मीच लिहिलं, नेहमीसारखं.

शिंपी एकदाच आला, गळ्यात टेप तशीच.
"भिया, लोक विचारतात, तुम्ही त्यांचे कोण?
मी आपलं सांगतो, लांबचा पुतण्या."
जरा घुटमळला.
"एकदा दाखवा ना काकांचं पुस्तक.
वाचणार नाही. नुसतं हातात धरीन."

त्या दिवशी वाचनालय मी लवकर बंद केलं.

आता किल्ल्या दुसऱ्याकडे आहेत.
तरी गुरुवारी जातो, फडकं घेऊन.
२२१३ आणि २२१५ च्या मधे
तीन बोटं जागा ठेवली आहे मी.
पुस्तकं रेलतात एकमेकांवर, म्हाताऱ्यांसारखी,
त्यांना सरळ करतो.
नवा मुलगा विचारतो, काका, इथलं कुठंय?
मी म्हणतो, बाहेर गेलंय.

सुशीलाबाई गेल्या मागच्या पौषात.
भेटायला गेलो होतो त्याआधी,
मोसंबी घेऊन. बोलणं झालं
गुडघ्यांचं, नळाच्या पाण्याचं, नातसुनेचं.
जिना उतरल्यावर आठवलं
की विचारायचं होतं,
त्या जावेचं पुढे काय झालं,
आणि खिडकीखाली कोण येऊन उभं राहायचं.
वर पुन्हा चढवेना.